दस्ता आणि रीम : कागदाच्या प्रवासावरून मध्ययुगीन इतिहासाचा एक विचार

आपल्याकडे कागदविक्रीच्या दुकानात दोन मापे पिढ्यान्‌पिढ्या शेजारी शेजारी नांदत आली आहेत. चोवीस ताव कागदांचा एक दस्ता आणि वीस दस्त्यांची एक रीम, हे कोष्टक शाळकरी वयातच पाठ होत असे. पुढे रिमेत चारशे ऐंशीऐवजी पाचशे ताव बांधण्याची पद्धत पडली, तरी शब्द तेच राहिले. ‘दस्ता’ हा शब्द फारसी असून ‘दस्त’ म्हणजे हात या शब्दावरून तो साधलेला आहे, हे कोणताही कोश सांगेल. ‘रीम’ हा शब्द इंग्रजांबरोबर आला, हेही सर्वांस ठाऊक आहे. परंतु इंग्रजी ‘रीम’ हा जुन्या फ्रेंचमधून, फ्रेंच शब्द स्पॅनिश ‘रेस्मा’वरून आणि ‘रेस्मा’ हा अरबी ‘रिझ्मा’, म्हणजे गठ्ठा, या शब्दावरून आलेला आहे, ही गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही. म्हणजे दोन्ही शब्दांचे माहेर एकच, ते अरबी-फारसी व्यवहारभाषेचे जग होय. त्यांपैकी एक शब्द इराणातून पूर्वेस सरकत दख्खनेत आला. दुसरा उत्तर आफ्रिका, स्पेन, फ्रान्स व इंग्लंड असे मोठे वळण घेऊन, समुद्रमार्गे, कित्येक शतकांनी त्याच दख्खनेत पोहोचला. एकाच कुळातील दोन भाऊ दोन दिशांनी निघावेत आणि एका तिऱ्हाइताच्या दुकानात त्यांची गाठ पडावी, असा हा प्रकार आहे.

प्रस्तुत लेखाचा हेतू केवळ ही व्युत्पत्तीची मौज सांगण्याचा नाही. मध्ययुगीन जगाचा इतिहास आपल्या पदव्युत्तर वर्गांतही प्रायः राजघराण्यांच्या क्रमाने शिकविला जातो. अब्बासी, तांग, चालुक्य, यादव अशी प्रकरणे एकामागून एक येतात. ती परस्परांस क्वचितच स्पर्श करतात. वस्तुतः ज्या माणसांनी हे जग एकमेकांस जोडले त्यांच्यापैकी बहुतेक व्यापारी, कारागीर, प्रवासी आणि कैदी होते, आणि त्यांचा मागोवा राजवंशावळींत लागत नाही. तो लागावयाचा तर तीन प्रकारची साधने एकत्र वाचावी लागतात. ती म्हणजे वस्तू, ती वस्तू करण्याची विद्या, आणि तिचे नाव. ही तिन्ही बरोबर प्रवास करतात अशी आपली सहज समजूत असते. ती समजूत किती फसवी आहे आणि तिच्यापासून मुक्त झाल्यास किती लाभ होतो, हे कागदाच्या उदाहरणावरून दाखविण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

१

कागदाचा शोध चीनमध्ये लागला, याविषयी वाद नाही. हान राजवंशाच्या इतिहासग्रंथानुसार त्साई लुन या राजसेवकाने इ. स. १०५ मध्ये झाडांच्या साली, तागाचे तुकडे, चिंध्या आणि मासेमारीची जुनी जाळी यांपासून कागद करण्याची रीत बादशहास निवेदन केली. गान्सू प्रांतातील फांगमातान येथे याच्याही पूर्वीचा, इ. स. पूर्व दुसऱ्या शतकातील मानला जाणारा कागदाचा तुकडा सापडला आहे. त्यामुळे त्साई लुन हा मूळ शोधक नसून सुधारक असावा असे आता मानतात. वाद आहे तो यापुढच्या टप्प्याविषयी. कागद चीनच्या बाहेर कसा पडला?

याचे ठराविक उत्तर असे की, इ. स. ७५१ मध्ये तलास नदीच्या काठी अरबांनी चिनी सैन्याचा पराभव केला, त्या वेळी पकडलेल्या कैद्यांत काही कागदी होते, आणि त्यांनी समरकंद येथे ही विद्या शिकविली. ही कथा ११व्या शतकातील अरबी ग्रंथकार सआलिबी याने नोंदवून ठेवली आहे. ती आटोपशीर आहे. तीत तारीख आहे, रणभूमी आहे, विजेते व जित आहेत. आणि म्हणूनच पाठ्यपुस्तकांना ती फार मानवते. परंतु सआलिबी हा त्या लढाईनंतर अडीचशेहून अधिक वर्षांनी लिहीत होता. त्या लढाईत प्रत्यक्ष कैद झालेल्या एका चिनी गृहस्थाची साक्ष मात्र सुदैवाने अंशतः उरली आहे. तू ह्वान हे त्याचे नाव. सुमारे दहा वर्षे अरबी मुलखात काढून तो इ. स. ७६२ मध्ये समुद्रमार्गे स्वदेशी परतला. कूफा येथे आपण कोणते चिनी कारागीर पाहिले हे त्याने सांगितले आहे. त्यात रेशमाचे विणकर आहेत, चित्रकार आहेत, सोन्याचांदीचे काम करणारे आहेत. कागदी नाहीत. केवळ अनुल्लेखावरून काही सिद्ध होत नाही हे खरे. पण शंका उत्पन्न होण्यास तो पुरेसा आहे.

या शंकेला दुजोरा देणारी साधने मध्य आशियाच्या भूमीतून वर आली. १९०७ साली ऑरेल स्टाइन यांना तुन्‌ह्वांगच्या पश्चिमेस, चीनच्या जुन्या सीमेवरील एका टेहळणीच्या बुरुजात पत्रांची एक थैली सापडली. ही पत्रे सुग्दी भाषेत असून कागदावर लिहिलेली आहेत आणि त्यांचा काळ ४थ्या शतकाचा आरंभ हा ठरतो. समरकंद व बुखारा हा प्रदेश म्हणजे सुग्द. तेथील व्यापाऱ्यांच्या पेढ्या चीनच्या शहराशहरांतून पसरल्या होत्या. या पत्रांत एका व्यापाऱ्याने चीनच्या राजधानीचा झालेला विध्वंस समरकंदला कळविला आहे आणि कस्तुरीच्या मालाची व्यवस्था लावली आहे. आणखी दोन पत्रे तुन्‌ह्वांगमध्ये मुलीसह अडकून पडलेल्या मिवनाय नावाच्या एका स्त्रीच्या दुर्दशेची आहेत; नवरा दूर निघून गेला आहे आणि परतीच्या वाटेला पैसा नाही. ही पत्रे धन्यास कधी पोहोचली नाहीत, आणि पोहोचली नाहीत म्हणूनच ती आपल्यापर्यंत आली.

या पत्रांचा अर्थ स्पष्ट आहे. तलासच्या लढाईपूर्वी चारशे वर्षे समरकंदचा व्यापारी कागदावर लिहीत होता. पुढे १९३०नंतरच्या दशकात झरफशान नदीच्या वरच्या खोऱ्यात मुग पर्वतावरील किल्ल्यात सुग्दी सरदार दिवाश्तिच याचे दप्तर सापडले. ते ८व्या शतकाच्या पहिल्या पादातील आहे आणि त्यातही चामडे व लाकडाच्या काठ्या यांच्याबरोबर कागद आहे. तेव्हा वस्तू म्हणून कागद सुग्दमध्ये जुना होता, हे निर्विवाद होय.

आता नावाकडे वळू. फारसी ‘कागज’, अरबी ‘कागिद’, जुन्या उइगूर भाषेतील ‘केग्दे’ या सर्वांच्या मागे सुग्दी रूप आहे. त्याचे मूळ काय याबद्दल मतभेद आहेत. चिनी भाषेत तुतीच्या जातीच्या एका झाडाच्या सालीपासून केलेल्या कागदास जो शब्द आहे त्याच्याशी हर्ट यांनी हा शब्द जोडला. लाउफर यांनी १९१९ च्या आपल्या ग्रंथात ते मत अमान्य करून तुर्की मूळ सुचविले. हा वाद मिटलेला नाही. परंतु आपल्या प्रस्तुत कामापुरते एवढे पुरे की, अरबांनी ही वस्तू ज्या नावाने ओळखली ते नाव त्यांना सुग्दी-इराणी लोकांकडून मिळाले. चिनी कैद्यांकडून अरब अधिकाऱ्यांनी थेट विद्या घेतली असती तर शब्दाची घडण निराळी दिसणे संभवनीय होते. शब्दावरून दिसते ते असे की, अरबांचे राज्य समरकंदवर येण्यापूर्वीच त्या बाजारात कागद आणि त्याचे नाव ही दोन्ही मुरलेली होती. तलासची लढाई झाली नसती तरी कागद पश्चिमेस गेलाच असता. त्याला नेणारे लोक आधीच वाटेवर होते.

२

येथे कोणी विचारील की, वस्तू इतकी जुनी असता ती ८व्या शतकापर्यंत समरकंदच्या पुढे का सरकली नाही? याचे उत्तर कागदात नसून गरजेत आहे. अब्बासी खलिफांनी इ. स. ७६२ मध्ये बगदाद वसविले आणि उत्तर आफ्रिकेपासून सिंधपर्यंत वसूल व हिशोब ठेवणारी कचेरी तेथे उभी राहिली. इजिप्तचा पपायरस एका प्रांतापुरता पिकणारा, चर्मपत्र महाग. इब्न खल्दूनच्या सांगण्याप्रमाणे बरमक घराण्यातील वजीर फझ्ल इब्न याह्या याने बगदादेत कागद तयार करविण्यास आरंभ केला. हा काळ सामान्यतः इ. स. ७९४-९५ चा मानतात. कल्कशंदी या इजिप्तच्या लेखनाधिकाऱ्याने याचे कारणही दिले आहे. चर्मपत्रावरील अक्षर खरवडून बदलता येते आणि कोणाच्या ध्यानी येत नाही. कागदावर खाडाखोड केली की ती लपत नाही. म्हणजे कागदाचा स्वीकार स्वस्ताईइतकाच, सरकारी दस्तऐवजात लबाडी होऊ नये म्हणून झाला. कारकुनांच्या या गरजेमागून ग्रंथकर्ते आले. ९व्या शतकाच्या उत्तरार्धात याकूबी हा बगदादमधील लेखनसामग्री व ग्रंथ विकणाऱ्यांची शंभरावर दुकाने मोजतो, आणि १०व्या शतकात याच धंद्यातील इब्न अन्‌-नदीम आपली प्रसिद्ध ग्रंथसूची रचतो.

बरमक घराण्याविषयी भाषेच्या अभ्यासकाला एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. हे घराणे मूळचे बल्खचे. तेथील ‘नौबहार’ या बौद्ध मठाचे ते वंशपरंपरागत अधिपती होते. नौबहार म्हणजे संस्कृत ‘नवविहार’, आणि ‘बरमक’ हा ‘प्रमुख’ या शब्दाचा अवशेष मानला जातो. चीनमधून सुग्दींनी आणलेली वस्तू, बौद्ध मठाधिपतीच्या वंशजाने, अरब खलिफाच्या राजधानीत, फारसी नावाने रूढ केली. या एका वाक्यात जे चार-पाच समाज येतात त्यांना चार-पाच निरनिराळ्या प्रकरणांत विभागून टाकले तर विद्यार्थ्याच्या हाती काय लागणार?

३

शब्द इतिहासाला कसे साहाय्य करतात हे पाहिले. ते कसे फसवितात हेही पाहणे अवश्य आहे, कारण भाषाशास्त्राच्या अभ्यासकांना या फसवणुकीचा मोह अधिक असतो.

ग्रीक व लॅटिन लेखांत पूर्वेकडून आलेल्या कागदास ‘बॉम्बिकिना’ या अर्थाचे एक विशेषण लावलेले आढळते. हा शब्द कापसाच्या नावाशी मिळता असल्यामुळे युरोपातील विद्वानांनी शतकानुशतके असे धरून चालविले की, अरबांचा कागद कापसाचा होता व चिंध्यांपासून कागद करणे हा युरोपीयांचा शोध होय. यावर प्रबंध झाले. हस्तलिखितांच्या सूच्यांतून ‘कापसाचा कागद’ अशा नोंदी झाल्या. व्हिएन्ना येथील रायनर संग्रहात इजिप्तमधून आलेले मध्ययुगीन कागद मोठ्या संख्येने होते. १८८०नंतरच्या दशकात वीझनर यांनी ते सूक्ष्मदर्शकाखाली तपासले, तेव्हा त्यांत मुख्यतः जवसाच्या धाग्याच्या कापडाच्या चिंध्या निघाल्या. कापसाचा कागद म्हणून जो होता तो कोठेच नव्हता. त्याच सुमारास काराबाचेक यांनी सुचविले की, ते विशेषण कापसावरून आले नसून सीरियातील मंबिज या गावाच्या ‘बांबिके’ या ग्रीक नावावरून आले असावे. गावाच्या नावाचा माल एवढाच त्याचा मूळ अर्थ. पुढे ऐकणाऱ्यांनी त्यात कापूस पाहिला. लोकव्युत्पत्तीने एक संपूर्ण उद्योग कल्पनेत उभा केला, आणि तो पाडावयास सूक्ष्मदर्शक लागला.

युरोपीय भाषांनी कागदाला जे सामान्य नाव दिले तेही असेच विचार करावयास लावणारे आहे. ‘पेपर’, ‘पापिए’, ‘पापेल’ ही सर्व नावे पपायरसची. नवी वस्तू त्यांनी जुन्या वस्तूच्या नावाखाली घेतली. त्यावरून कोणी असा निष्कर्ष काढील की कागद युरोपात इजिप्तच्या पपायरसपासून विकसित झाला, तर तो पूर्णतः चुकेल. नाव जुने, वस्तू नवी. आणि तरीही त्याच भाषांनी गठ्ठ्याचे माप मात्र अरबीतून घेतले. स्पॅनिश ‘रेस्मा’, इटालियन ‘रिस्मा’, जर्मन ‘रीस’, इंग्रजी ‘रीम’ ही सर्व रूपे ‘रिझ्मा’चीच आहेत. वस्तूचे नाव झाकले गेले, पण बाजारातील मापाने मूळ उघड केले. शब्दांच्या साक्षीत सामान्य नामापेक्षा मापांची, वजनांची आणि बांधणीची नावे अधिक विश्वसनीय ठरतात, कारण ती कवी किंवा पंडित देत नाहीत. मालाबरोबर तीही मोजून घ्यावी लागतात.

स्पॅनिश ‘मानो’ आणि फ्रेंच ‘मँ’ या शब्दांचा सामान्य अर्थ हात, परंतु कागदाच्या व्यवहारात पंचवीस तावांचा जुडगा. ‘दस्त’ म्हणजे हात आणि ‘दस्ता’ म्हणजे जुडगा, हीच ती कल्पना. हे शब्दाचे उसने नसून अर्थाचे उसने आहे, असे मानण्यास जागा आहे. मात्र हातात मावेल तेवढे ते एक माप, ही कल्पना दोन ठिकाणी स्वतंत्रपणेही सुचू शकते. म्हणून ‘रीम’ हा जसा पुरावा आहे तसा ‘हात’ हा नाही. ती केवळ संभावना आहे. इंग्रजीने तर रीम अरबीतून घेतला आणि दस्त्यासाठी लॅटिन वंशाचा शब्द योजिला. शब्द जोडीने निघाले म्हणून जोडीने पोहोचतातच असे नाही.

४

पश्चिमेकडील प्रवासाचे टप्पे थोडक्यात सांगता येतील. सिसिलीच्या काउंटेस अॅडेलेड हिचा इ. स. ११०९ चा ग्रीक व अरबी भाषांतील हुकूम हा युरोपातील सर्वांत जुन्या कागदी दस्तऐवजांपैकी होय. स्पेनमधील शातिबा येथील कागदाची प्रशंसा इद्रीसी याने ११५४ साली पूर्ण झालेल्या आपल्या भूगोलग्रंथात केली आहे. परंतु स्वीकार सरळ झाला नाही. सम्राट दुसरा फ्रेडरिक याने १२३१ साली सार्वजनिक दस्तऐवजांसाठी कागद वापरण्यास मनाई केली, कारण तो टिकणार नाही असे मानले जाई. बगदादच्या दिवाणाने ज्या कामासाठी कागद आणला त्याच कामासाठी सिसिलीच्या राजाने तो नाकारला. वस्तू तीच, कचेऱ्यांच्या चिंता निराळ्या.

१३व्या शतकाच्या उत्तरार्धात इटलीतील फाब्रियानो येथील कारागिरांनी या विद्येत जे फेरफार केले त्यांनी व्यापाराची दिशाच पालटली. पाण्याच्या चाकावर चालणाऱ्या हातोड्यांनी चिंध्या कुटण्याची पद्धत त्यांनी सुधारली. पूर्वेकडे कागदाला पिठाची खळ देत. फाब्रियानोच्या लोकांनी जनावरांच्या चामड्यापासून काढलेला सरस दिला, त्यामुळे कागद दमट हवेतही टिकू लागला. पूर्वेकडील साचा गवताच्या किंवा बांबूच्या काड्यांचा असे. त्यांनी धातूच्या तारांचा साचा वापरला. या तारांत एक वाकडी तार बसविली की कागद उजेडाकडे धरताच तिची आकृती दिसते, आणि अशा जलचिन्हांचा आरंभ १२८२च्या सुमारास झाला. जर्मनीत न्यूरेंबर्ग येथे उल्मान श्ट्रोमर याने १३९० साली कागदाचा कारखाना काढला. इंग्लंडमध्ये पहिला कारखाना १५व्या शतकाच्या अखेरीस निघाला; ‘रीम’ हा शब्द मात्र त्या भाषेत त्याच्या कितीतरी आधीपासून होता. गिऱ्हाईक असलेल्या समाजाकडे शब्द प्रथम आला, विद्या मागाहून आली.

आता माल उलट वाहू लागला. इटलीचा कागद इजिप्त व उत्तर आफ्रिकेच्या बाजारांत स्वस्त पडू लागला. कल्कशंदीने युरोपीय कागदाची गणना निकृष्ट प्रकारांत केली आहे. पण बाजार त्याच्या मताला थांबला नाही. १४०९ साली तिलमसान येथील धर्मशास्त्री इब्न मरझूक याच्यापुढे प्रश्न आला की, ख्रिस्ती लोकांनी केलेल्या, ज्यात क्रूस किंवा प्राण्यांच्या आकृतींची जलचिन्हे आहेत अशा कागदावर धर्मग्रंथ लिहावेत काय? त्याने असे लेखन अनुज्ञेय ठरविले. या निर्णयाच्या शीर्षकात युरोपीय कागदासाठी जो शब्दप्रयोग आहे तो ‘रूमी कागद’ या अर्थाचा आहे. समरकंदहून आलेले नाव आता परक्या मालाला लागले. तिलमसानमध्ये कागदाची विद्या पूर्वी होती. शहराला तो आता विकत घ्यावा लागत होता. विद्येचा आरंभ ज्याच्याकडे, तोच तिचा कायमचा धनी, हा समज इतिहासाने किती वेळा खोटा ठरविला आहे याचे हे एक उदाहरण होय.

याच जलचिन्हांपैकी एकाने आपल्या मराठीतही प्रवेश केला आहे. विदूषकाच्या टोपीचे चिन्ह असलेल्या कागदाच्या आकाराला इंग्रजीत त्या टोपीचेच नाव पडले, आणि ‘फुलस्केप’ या रूपाने तो शब्द आपल्या परीक्षामंडपांपर्यंत आला. ‘फुलस्केपचा एक दस्ता द्या’ असे म्हणणाऱ्या विद्यार्थ्याच्या तोंडी युरोपातील विदूषकाची टोपी आणि इराणी हात एकाच दमात येतात.

५

भारताकडे वळताना एक कोडे सामोरे येते. चीनशी आपला संबंध निकटचा होता. ७व्या शतकाच्या उत्तरार्धात इत्सिंग हा चिनी भिक्षू भारतात राहून गेला. त्याच्या नावावर असलेल्या संस्कृत-चिनी शब्दसंग्रहात कागदासाठी ‘काकलि’सारखा एक शब्द आहे. म्हणजे नाव कानी पडले होते. तरीही कागद करण्याची विद्या पुढे कित्येक शतके येथे रुजली नाही. भूर्जपत्र व ताडपत्र मुबलक होते आणि त्यांवर आपली ग्रंथपरंपरा सुखाने चालली होती. ज्याला उणीव भासत नाही तो शोध ऐकूनही घेत नाही.

१२व्या शतकात पश्चिम किनाऱ्यावर काय स्थिती होती याची एक सुंदर साक्ष कैरोतून मिळते. फुस्तात येथील एका यहुदी प्रार्थनामंदिराच्या कोठडीत टाकून दिलेले लिखित कागद हजारोंनी सापडले. १८९६-९७ मध्ये शेख्टर यांनी त्यांतील फार मोठा भाग केंब्रिजला नेला आणि पुढे गॉयटाइन यांनी त्यांतून भारताशी व्यापार करणाऱ्यांचा पत्रव्यवहार वेगळा काढला. या व्यापाऱ्यांपैकी अब्राहम बेन यिजू हा मूळचा ट्युनिसियातील महदियाचा. इ. स. ११३२ ते ११४९ या काळात तो बहुतांशी मलबार किनाऱ्यावर, मंगळूरच्या बाजूस राहिला, तेथे त्याने काशाच्या भांड्यांचा कारखाना चालविला आणि मिरी-सुपारीचा व्यापार केला. एडनमधील त्याचे मित्र त्याला जी घरगुती भेट पाठवीत तिच्या यादीत साखर व मनुका यांच्याबरोबर कागदही असे. ज्या किनाऱ्यावरून लोखंड, मिरी व कापड पश्चिमेस जात होते त्याच किनाऱ्यावर लिहिण्याचा कागद भेट म्हणून बाहेरून येत होता. वस्तू आली होती, पण ती एका परदेशी गृहस्थाच्या पेटीत.

पुढील तीन शतकांत चित्र पालटले. दिल्लीच्या सुलतानांच्या कचेरीबरोबर कागदाची गरज आली आणि गरजेमागून कारागीर आले. १५व्या शतकाच्या पूर्वार्धात चिनी आरमाराबरोबर आलेला मा ह्वान बंगालमध्ये झाडाच्या सालीपासून केलेला, हरणाच्या कातड्यासारखा गुळगुळीत पांढरा कागद पाहतो आणि त्याची मुद्दाम नोंद करतो. चीनच्या माणसाने भारतातील कागदाचे कौतुक करावे, इतकी ती विद्या आता घरची झाली होती. महाराष्ट्रात दौलताबाद व खुलताबाद यांच्या दरम्यानच्या कागजीपुऱ्याची परंपरा आपला आरंभ मुहंमद तुघलकाने १३२७ साली केलेल्या राजधानीच्या स्थलांतराशी जोडते. पेशवाईच्या दप्तरांत जुन्नरी व दौलताबादी कागद दिसतो, आणि पुण्याच्या कसबा पेठेतील कागदीपुरा आपल्या नावात हा धंदा जपून आहे. हा कागद गवताच्या काड्यांच्या साच्यावर काढीत, त्याला खळ देत आणि दगडाने घोटीत. या कृतीवरूनच विद्येचे गोत्र कळते. ती मध्य आशियाची आहे, फाब्रियानोची नव्हे. येथे शब्दांच्या आधी साच्याला साक्षीस बोलवावे लागते. याविषयी भांडारकर संस्थेतील प. कृ. गोडे यांनी १९४४ साली संस्कृत, फारसी व प्रवाशांचे उल्लेख कालानुक्रमे लावून जो पाया घातला, तो आजही उपयोगी आहे.

राहिला प्रश्न आपल्या ‘कागद’ शब्दाचा. येथे प्रस्तुत लेखकाला आपली एक चूक कबूल करावयाची आहे. फारसीतील ‘झ’ मराठीत ‘ज’ होतो. बाजार, रोज, जमीन, हजार ही त्याची उदाहरणे. मग ‘कागज’ न होता ‘कागद’ का? कन्नडमध्ये ‘कागद’, तेलुगूत ‘कागितमु’, तमिळमध्ये ‘काकितम्’ अशी दंत्य व्यंजनाची रूपे आहेत, आणि हिंदी व बंगालीत ‘ज’ची. यावरून मी काही वर्षे वर्गात असे सांगत आलो की, दक्षिणेचे रूप अरबी ‘कागिद’वरून समुद्रमार्गे आले व उत्तरेचे फारसीतून खुष्कीने. नकाशा मोठा देखणा होई. एका विद्यार्थिनीने एके दिवशी विचारले, “सर, मग कबीर आणि गुरु नानक ‘कागद’ कसे म्हणतात?” प्रश्न बिनतोड होता. उत्तरेच्या संतवाणीत ‘कागद’ हेच रूप आहे. म्हणजे तेथेही ते पूर्वी रूढ होते व ‘ज’चे रूप मागाहून प्रबळ झाले. जुन्या फारसीतही दंत्य व्यंजनाचे रूप होते. तेव्हा आजच्या रूपांचा नकाशा दोन मार्ग दाखवीत नसून दोन थर दाखवितो, एवढेच म्हणणे न्याय्य होय. मराठीने जुना थर जपला. तो समुद्रमार्गे आला की खुष्कीने, हे केवळ या शब्दावरून सांगता येत नाही.

६

या सर्व विवेचनाचा निष्कर्ष असा मांडता येईल. वस्तू व्यापारी नेतो, विद्या कारागीर नेतो आणि शब्द बहुधा गिऱ्हाईक नेते. तिघांचे मार्ग पुष्कळदा एक असतात, पण वेळ क्वचितच एक असते. सुग्दमध्ये वस्तू व शब्द आधी दिसतात, विद्येची कथा मागाहून येते; भारतात शब्द कानी पडला, मग वस्तू भेट म्हणून आली, आणि विद्या गरजेबरोबर; इंग्लंडात शब्द आधी, कारखाना मागाहून. या तिन्हींतील अंतर हेच इतिहासाच्या अभ्यासकाचे खरे क्षेत्र होय, कारण त्या अंतरातच समाजाच्या गरजा, त्याच्या समजुती आणि त्याचा विरोध दडलेला असतो. राजवंशांचा क्रम यासाठी टाकून द्यावा असे नव्हे. बगदादच्या दिवाणाशिवाय कागदाचा प्रसार समजत नाही आणि फ्रेडरिकच्या आज्ञेशिवाय त्याचा अडथळा समजत नाही. परंतु राजाज्ञा ही या कथेतील एक घटना आहे, संपूर्ण कथा नव्हे.

आपल्या विद्यार्थ्यांपैकी जे शब्दांच्या वाटेने इतिहासाकडे येतील त्यांनी दोन पथ्ये पाळावीत. शब्द सापडला की त्याच काळची वस्तू शोधावी, आणि वस्तू सापडली की ती करण्याची रीत तपासावी. तिन्ही एकमेकांशी जुळत नसतील तर जुळविण्याची घाई करू नये. त्या न जुळण्यातच बहुधा शोधण्यासारखे काही असते. मराठीत याला साधने उणी नाहीत. ‘कागदपत्र’ या एका जोडशब्दात ताडाचे पान आणि समरकंदचा बाजार एकत्र बांधलेले आहेत. पुस्तकाच्या ‘पाना’वर आपण ‘शाई’ने लिहितो, पहिला शब्द ताडपत्राच्या काळचा आहे, दुसरा ‘सियाही’ म्हणजे काळेपणा या फारसी शब्दाचा. कागदाप्रमाणेच साखर, साबण, दारू, बंदूक, तराजू यांची चरित्रे याच पद्धतीने लिहिता येण्यासारखी आहेत, आणि त्यांतील पुष्कळ अजून लिहावयाची आहेत.